रॉकेट इंजिनचं पुस्तक निवडताना

राम राम श्रोतेहो. चांद्रयान-३ उतरल्यापासून आपल्या जळगाव-भुसावळकडची बारावी-बीएस्सीची पोरं हमखास विचारतात, "सर, रॉकेट इंजिन शिकायचंय, कोणतं पुस्तक घेऊ?"

पोरांनो, पुस्तक हातात आलं की सरळ नोझलचं, म्हणजे जिथून वायू बाहेर पडतो त्या तोंडाचं, प्रकरण उघडा. रावेर-यावलच्या केळीत पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी लांब जातं, हे तुम्ही रोज बघता. मग रॉकेटचं नोझल आधी अरुंद होऊन पुन्हा पसरत का जातं? पाण्याची घनता बदलत नाही, वायूची बदलते. अरुंद गळ्यापाशी वायू ध्वनीचा वेग गाठतो आणि तिथून पुढे न्याय उलटतो. आता वेग वाढतो त्याहून झपाट्यानं घनता घसरते, म्हणून त्याला जागा जास्त लागते. हे 'का' समजावणारं पुस्तक घ्या. नुसती आकृती काढून पुढे पळणारं फळीवर परत ठेवा. आणि रॉकेट हवेला ढकलून वर जातं असं कुणी छापलं असेल, तर ते फुकटही नको.

जॉर्ज सटन यांचं 'रॉकेट प्रॉपल्शन एलिमेंट्स' १९४९ पासून सुधारत आलंय. आवाका मोठा, पण सूत्रं कुठून आली हे खोलात हवं असेल तर जोडीला हिल आणि पीटरसन यांचं प्रॉपल्शनवरचं पुस्तक घ्या. जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या, वायूचे नियम बदललेले नाहीत. हुझेल आणि ह्वांग यांचं इंजिन-रचनेवरचं पुस्तक नासानं १९६७ मध्ये काढलं, ते फुकट मिळतं. त्यात सगळा पौंड-इंचांचा कारभार आहे, तेवढं सांभाळा.

रसायनाकडेही बघा. पाणी होताना हायड्रोजन-ऑक्सिजनचं वजनी प्रमाण १:८. चांद्रयान-३ च्या प्रक्षेपकातलं, हेच दोन वायू जाळणारं सीई-२० इंजिन मात्र साधारण १:५ वर चालतं. हायड्रोजन मुद्दाम उरवतात, कारण हलके रेणू जास्त वेगानं बाहेर पडतात. चांगल्या पुस्तकात हे सापडतंच.

खरेदीआधी एक गणित करा. वायू सेकंदाला ३ किलोमीटरनं बाहेर पडतो, रॉकेटला ९ चा वेग हवा. सुरुवातीचं वजन शेवटच्या किती पट? उत्तर २० च्या आसपास यायला हवं. लॉगमध्येच अडलात, तर सटनचे पैसे तूर्त खिशात राहू द्या आणि अकरावीचं गणित काढा.