मान धरली, डोकं उठलं

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी उठावं तर मान एका बाजूला धरलेली. गॅसवर दूध उतू चाललंय, पण वळून बघता येत नाही. आणि दुपारपर्यंत मानेतली कळ डोक्यात चढलेली. घरोघरी यावर निदान ठरलेलं असतं: ‘पित्त झालंय’, नाहीतर ‘उशी उंच झाली’. साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज अशा माना मी पाहते, म्हणून आज त्याबद्दल बोलणार आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, शेवटी पुन्हा सांगेन. ताप आहे, डोकं फुटतंय, उलट्या होतायत, उजेड सहन होत नाही आणि हनुवटी छातीला टेकत नाही, असं असेल तर शेक नको, बाम नको, माझ्याकडेही येऊ नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा. मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आता मावशींची गोष्ट सांगते.

मावशी ब्लाउज शिवतात. पन्नाशी ओलांडलेली, अंगकाठी काटक, गळ्यात कायम टेप. त्या आल्या तेव्हा डोक्याला ओढणी करकचून बांधलेली होती. उजवीकडे वळा म्हटलं तर मान अर्ध्यावर अडायची, मग सगळं अंगच वळायचं. दुखणं मानेच्या खाचेतून निघायचं आणि कवटीवरून वर चढून उजव्या डोळ्यामागे येऊन बसायचं. चार महिने पित्ताच्या गोळ्या झाल्या होत्या. बीपी तपासून झालं होतं, ते उत्तम. कुणीतरी गळपट्टा दिला होता, तो महिनाभर घालून मान आणखीच आखडली होती. आणि डोकेदुखीची गोळी रोज एक, कधी दोन.

मी सरळ शिवणकामाकडे बोट दाखवलं. म्हटलं, मावशी, दिवसभर मान खाली घालून बसता, दुखणारच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, पंचवीस वर्षं शिवतेय मी. तेव्हा नाही धरली ती मान?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यांचं घर माझ्या वाटेवरच होतं. संध्याकाळी गेले. खिडकीशी मशीन, बाजूला अस्तरं लावलेल्या कापडांचा ढीग, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. म्हटलं, मी आलेय हे विसरा, तुम्ही शिवा. मावशींनी चष्मा लावला, पायाने मशीन सुरू केलं, आणि त्यांची मान कासवासारखी पुढे आली. नाक सुईपासून वीत-दीड वीत, हनुवटी वर उचललेली, खांदे कानांना लागलेले. बाही जोडून होईपर्यंत त्या तशाच.

“चष्मा कधी केलात?”

“दिवाळीनंतर. सुईत दोरा ओवता येईना.”

आणि मान? मान संक्रांतीपासून.

त्यांच्याच गळ्यातला टेप घेतला. त्यांना पाठ सरळ ठेवून बसायला सांगितलं आणि डोळ्यापासून सुईपर्यंत मोजलं. बावीस इंच. मग विचारलं, चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा कागद कुठे धरायला दिला होता? त्यांनी हात उचलून दाखवला, तेही मोजलं. चौदा इंच. चष्मा पोथी वाचण्याच्या अंतराचा होता, सुईच्या नाही. बावीस इंचांवर सुई पुसट दिसायची, म्हणून मावशी सुईजवळ जायच्या. डोळ्याला हवं ते मान पुरवत होती.

इथे थोडं समजावून सांगते. आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं. एक बऱ्यापैकी कलिंगडच म्हणा ना. कलिंगड छातीशी धरलं तर बराच वेळ धरवतं, हात लांब करून धरलं की दोन मिनिटांत हात भरून येतो. मानेचंही तसंच. डोकं खांद्यांच्या वर असलं की ठीक. ते पुढे गेलं की मानेमागचे स्नायू त्याला दिवसभर ओढून धरतात आणि शेवटी आखडतात. मग डोकं का दुखतं? मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा आणि कपाळा-डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोहोचतात. दोन घरांची पत्रं एकाच पेटीत पडावीत तसं. मानेचं दुखणं मेंदू डोळ्यामागचं समजतो. पुन्हा सांगते, दुखतं डोळ्यामागे, मूळ असतं मानेत.

मावशी दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात टेप घेऊनच गेल्या. म्हणाल्या, “बावीस इंचांचा करून द्या.” त्याने पुन्हा डोळे तपासले आणि कमी नंबरचा चष्मा शिवणासाठी वेगळा करून दिला. रोजची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. पहिला आठवडा डोकं जास्तच दुखलं. डोकेदुखीच्या साध्या गोळ्या महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेतल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, आणि थांबवताना आधी त्रास वाढतो. मावशींनी दम धरला. महिन्याभरात मान खांद्यापर्यंत वळायला लागली, डोक्याची ओढणी सुटली.

आणि विषय निघालाच आहे तर बोलते. ब्लाउजच्या शिलाईत घासाघीस करू नका हो. हजारोंची साडी घेताना आपण बोलत नाही, आणि शिलाईचे पन्नास रुपये कमी करायला अर्धा तास उभ्या राहतो. ते पन्नास रुपये कुणाच्यातरी मानेतून येतात. असो.

तुमची मान धरली असेल तर काय करायचं? गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटं शेका, मध्ये टॉवेल ठेवून. झोपून राहू नका, मान दुखेल न दुखेल इतपत हळूहळू हलवत राहा. बहुतेक माना चार-आठ दिवसांत सुटतात. पोटावर झोपू नका. कुशीवर झोपलात तर खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढीच उशी घ्या. आणि भाकरी थापताना फोन कान-खांद्यात दाबून धरायची सवय सोडा. हे मी माझ्या आईलाही रोज सांगते.

एक व्यायाम आत्ताच करा. भिंतीला पाठ लावून बसा. नजर समोर. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्या, डोक्याची मागची बाजू भिंतीकडे जाऊ द्या. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुन्हा सांगते, हनुवटी खाली नाही, मागे.

आणि केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, क्वचित पण फाटतं, आणि तरण्या माणसाला पक्षाघात होतो. डोक्याला मालिश घ्या, मानेला झटका नको.

आता सुरुवातीला कबूल केलेलं. ताप आणि ताठ मान, तडक दवाखाना. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात भडकलं, तरी तेच. पडल्या-झडल्यावर मान धरली, हाताला मुंग्या आल्या, हातातली वस्तू गळायला लागली, तरीही थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

मावशींचं मशीन अजून खिडकीशीच आहे. टेपवर बावीसच्या आकड्यापाशी त्यांनी लाल दोऱ्याचा एक टाका घातलाय. खुर्ची हलली की आधी मोजतात, मग शिवायला बसतात.

नमस्कार.