फोन ठेवल्यानंतर

(दृश्य : कंट्रोल रूम, रात्रपाळी. हेडसेट लावलेली ऑपरेटर.)

पलीकडे एक बाई रडतेय. नवरा खाली पडलाय, श्वास चालत नाहीये. ऑपरेटर एका लयीत सांगते, "एका हातावर दुसरा हात ठेवा, छातीच्या मधोमध. जोरात दाबा. मी मोजते, माझ्याबरोबर मोजा." एक, दोन, तीन, चार... मग दार उघडल्याचा आवाज येतो, रुग्णवाहिकेवरचे लोक आत शिरतात आणि लाइन बंद होते. तो माणूस वाचला की नाही, हे तिला बहुतेक वेळा कळतच नाही. तोवर पुढची रिंग वाजलेली असते.

(दृश्य : रांगेतले मॉनिटर, लुकलुकणारे दिवे.)

आग, अपघात, पूर म्हटलं की डोळ्यांसमोर गणवेशातला जवान येतो. खुर्चीत बसून हे सगळं कानांवर झेलणारी माणसं सहसा आठवत नाहीत. वैद्यकशास्त्रालाही ती उशिराच आठवली. भयंकर आघातानंतर जडणाऱ्या पीटीएसडी या विकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८० मध्ये जागा मिळाली. पण नोकरीच अशी की भीषण तपशील पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यातूनही हा विकार जडू शकतो, हे तिथे स्पष्ट लिहिलं गेलं २०१३ मध्ये.

ऑस्ट्रेलियातल्या बियाँड ब्लू या संस्थेने २०१८ मध्ये पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि बचाव सेवांमधल्या एकवीस हजारांहून अधिक जणांची पाहणी प्रसिद्ध केली. तिघांतला एक जण तीव्र मानसिक ताणाखाली होता. तिथल्या सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण साधारण आठात एक होतं.

(दृश्य : रिकामी बैठकीची खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या.)

मदत करायची इच्छा नव्हती असं नाही. १९८० च्या दशकात जेफ्री मिचेल यांनी एक पद्धत मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले. घटना घडली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलतं करायचं. पद्धत जगभर गेली. पुढे अशा एकाच बैठकीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा तिने पीटीएसडी टळत नाही असं दिसलं. काहींचा त्रास उलट वाढला. त्या चाचण्यांत बरेचसे लोक अपघातातले जखमी होते, सेवेतले नव्हते, हेही सांगायला हवं. तरीही जखम ओली असताना कोणाला बळेच बोलायला लावू नये, एवढं मला त्यातून पटतं. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनाही आज या पद्धतीला नकोच म्हणतात.

(दृश्य : दोन सहकारी, गाडीच्या पायरीवर.)

ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये १९९० च्या दशकात 'ट्रिम' नावाची दुसरी वाट तयार झाली. इथे विचारणारा असतो बरोबरचाच सहकारी, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला. तो घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी भेटतो आणि महिन्याभराने पुन्हा. झोप लागते का? दारू वाढलीय का? आपल्यामुळेच झालं असं वाटतं का? बहुतेकांचं महिन्याभरात निवळतं. ज्यांचं निवळत नाही, त्यांना तज्ज्ञाकडे पोचवायचं. आघातावर केंद्रित मानसोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करणारी उपचारपद्धत) यांनी खरोखर फरक पडतो. मात्र घटनेनंतर कोणाकोणाला भेटायचं याची यादी करताना घटनास्थळी गेलेल्यांबरोबर तो कॉल ज्याने घेतला, त्याचंही नाव त्यात हवं. ते हमखास सुटतं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. "डॉक्टरकडे गेलो हे कळलं तर गाडीवरून उतरवतील." ही भीती खोटी नाही, म्हणून नुसत्या धीराच्या शब्दांनी ती जात नाही. बोलणं वरिष्ठांच्या कानावर जाणार नाही, जिवाला धोका दिसला तरच गुप्तता मोडली जाईल, उपचार चालू असताना पगार आणि बढती अडणार नाही, हे सेवेच्या नियमांत लेखी हवं. आणि सहकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी हवं, कारण त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला जाणार आहे.