सोन्याच्या गावी परातीचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

आज कॅलिफोर्नियात जाऊन येऊ. २४ जानेवारी १८४८. ‘अमेरिकन’ नावाच्या नदीकाठी कोलोमा गावी लाकूड कापायची गिरणी बांधताना जेम्स मार्शलला पाण्याच्या चरात पिवळे खडे दिसले. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला रस आहे तो सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदारात. मजूर त्याच्या दुकानी सोनं देऊन माल नेऊ लागले, तशी याने कुदळ उचलली, पण विकायला! आसपासची फावडी, कुदळी, पराती त्याने आधी गोळा केल्या असं सांगतात. मग मे महिन्यात सोन्याच्या कणांची बाटली नाचवत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ओरडत सुटला, “सोनं! अमेरिकन नदीतलं सोनं!” दवंडीही त्याची आणि दुकानही त्याचंच. नदीतली वाळू चाळायला परात तर हवीच, मग दुकानदार सांगेल तो भाव.

हजारभर वस्तीचं सॅन फ्रान्सिस्को पुढच्या वर्षाअखेरीस पंचवीस हजारांच्या घरात गेलं. पीठ चिलीहून येई. खलाशीसुद्धा सोन्यामागे पळाले, आणि बंदरात रिकाम्या पडलेल्या जहाजांच्या वखारी झाल्या. ‘नायंटिक’ नावाच्या जहाजाचं तर पुढे हॉटेल झालं.

पण व्यापार म्हणजे काही नुसती चांदी नव्हे, हं. न्यूयॉर्कहून माल दक्षिण अमेरिकेला वळसा घालून यायचा, त्याला पाच-सहा महिने लागत. आजचा चढा भाव बघून मागणी पाठवावी, तर माल उतरेपर्यंत आणखी दहा जणांनी तेच मागवलेलं! मग कोण विचारतो? पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांवर गुडघाभर चिखल व्हायचा. त्यात तंबाखूच्या पेट्या, पिठाची पोती, अगदी लोखंडी शेगड्या टाकून लोकांनी पायवाट केली. कुणाची तरी अख्खी पुंजी पायाखाली!

टिकले ते कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटो गावचे चौघे दुकानदार. हंटिंग्टन आणि हॉपकिन्स यांचं हार्डवेअरचं दुकान, स्टॅनफर्डचा किराणा, क्रॉकरचं कापड. १८६१ साली या चौघांनी सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनी उभी केली. १८६९ मध्ये पूर्वेकडून आलेले रूळ युटामधल्या प्रोमोंटरीला त्यांच्या रुळांना जोडले गेले. तिथे सोन्याचा खिळा बसवला तो या किराणावाल्या स्टॅनफर्डनेच. समारंभ आटोपताच तो काढून घेतला, आणि त्याजागी साधा लोखंडी खिळा ठोकला.