जहाजातून उतरलेला देश

(दृश्य: विमानतळाबाहेरचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. उसातून डोकं काढणारा काळ्या दगडांचा ढीग.)

मॉरिशसला विमान उतरतं ते उसात. धावपट्टी डांबरीच आहे, पण तिच्या आजूबाजूला एवढा ऊस, की खिडकीशी बसलेल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला आपण चुकून घरीच आलो की काय असं वाटावं. त्या उसात मधूनच हे ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणायची म्हणून मजुरांनी हातानं वेचून एकावर एक रचलेले काळे दगड.

पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे ढीग शोधू नका. तिथं निळं पाणी, पांढरी वाळू आणि हनिमूनची जोडपी असतात. आम्ही ढिगापासून सुरुवात करतोय, कारण हा दगड आपल्या ओळखीचा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून दख्खनचा लाव्हा उसळला, त्याच जागेनं, भारत उत्तरेकडे सरकून गेल्यावर, 80-90 लाख वर्षांपूर्वी हे बेट वर काढलं. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे सह्याद्री थोरला, मॉरिशस धाकटं आणि रियुनियन शेंडेफळ.

बेट लहानच. उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर, रुंदी 45. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. 1598 मध्ये डच उतरले तेव्हा इथं माणसाची वस्तीच नव्हती. पुढे फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. पण मूळचा म्हणावा असा माणूस इथं कुणीच नाही. ज्यानं त्यानं जहाजातून उतरून इथं घर केलं. आणि माणसांचंच कशाला? इथं जे जे बघायला आपण तिकीट काढतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी कुठून तरी आणलेलं आहे.

(दृश्य: पोर्ट लुईचं बंदर. दगडी पायऱ्या. पायऱ्यांवरून वर सरकणारा कॅमेरा.)

राजधानी पोर्ट लुई. बंदराला लागून आप्रवासी घाट. पूर्वीचं नाव कुली घाट. या सोळा पायऱ्या मोजायला दहा सेकंद लागतात.

गुलामी बंद होणार हे दिसू लागलं, तसा मळेवाल्यांना मजुरांचा प्रश्न पडला. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी भारतातून आणलं. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘ॲटलस’ जहाजातून 36 मजूर उतरले, आणि पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसं या किनाऱ्याला लागली. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई, ही तीन बंदरं. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातले बरेच होते.

घाटावर एक-दोन दिवस मुक्काम, वैद्यकीय तपासणी, नोंद, क्रमांक, आणि मग मळ्यावर रवानगी. त्या नोंदींच्या वह्या आणि पुढच्या काळात काढलेले मजुरांचे फोटो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवलेत. तिथं नातवंडं-पतवंडं येतात, आजा कुठल्या जहाजानं आला ते शोधायला. कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलं, आणि एका माणसाचं ते नाव पुढे साऱ्या घराण्याचं आडनाव होऊन बसलं.

घाटाच्या मूळ इमारतींपैकी थोडाच भाग उरलाय. दवाखान्याचं दार, स्वयंपाकघराच्या भिंती, आणि या पायऱ्या. युनेस्कोनं 2006 मध्ये याला जागतिक वारसा म्हटलं. फार भव्य काही बघायची अपेक्षा ठेवून येऊ नका. निवांत बसायची मात्र तयारी ठेवा.

(दृश्य: रस्त्यावरची गाडी. तव्यावरून निघणारी धोल पुरी.)

घाटाजवळ भूक लागली तर धोल पुरी. नावात पुरी असली तरी ही तळलेली नाही. डाळ शिजवून, वाटून, हळद-जिऱ्यासह पातळ पोळीत भरलेली. पुरणपोळीची खारी बहीणच म्हणा. वर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि मिरचीची चटणी. जोडीनंच मिळते, कागदात गुंडाळून. गाडीवाल्याला तिखट किती हवं ते बोटांनी दाखवा, आणि आपण मिरची खाणारे लोक आहोत हा तोरा जरा आवरा.

बंदराजवळच ब्लू पेनी म्युझियम आहे. 1847 मध्ये इथं छापलेली दोन टपाल तिकिटं तिथं आहेत, एक नारिंगी, एक निळं. रंग उडू नये म्हणून त्यांच्यावर तासातून काहीच मिनिटं दिवा लावतात. वेळ साधली नाही, तर अंधारात प्रतिकृती बघून परत यायचं.

उत्तरेला पाम्प्लेमूसची बाग. पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात इथं मसाल्याची झाडं जमवली. लोक येतात ते मात्र ॲमेझॉनची राक्षसी कमळं बघायला. परातीएवढी पानं, कडा उभ्या वळलेल्या. तशीच पुढं गेल्यावर तालिपोट ताड भेटतो. काही दशकं नुसता उंच होत राहतो, एकदाच फुलतो आणि मरतो.

(दृश्य: नैर्ऋत्य टोक. समुद्रावर उभा ल मॉर्न. वारा.)

हा डोंगर ल मॉर्न. उंची 556 मीटर, समुद्रातून सरळ उठलेला. खाली काइटसर्फिंगच्या रंगीत पतंगांची गर्दी. वरून विमानानं किंवा हेलिकॉप्टरनं पाहिलं, तर समुद्रातच धबधबा कोसळतोय असं दिसतं. तो भास आहे, वाळू आणि गाळ खोल उतारावर पसरल्यामुळे होणारा. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

पण या डोंगराची गोष्ट वेगळीच आहे. मळ्यांवरून पळालेले आफ्रिकी आणि मलागासी, म्हणजे मादागास्करचे, गुलाम इथल्या कपारींत लपून राहात. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामी संपली. सांगतात, की ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले, वरच्यांना वाटलं पकडायला आलेत, आणि अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. याचा कागदोपत्री पुरावा नाही, आख्यायिकाच आहे. तरी 1 फेब्रुवारीला पायथ्याशी लोक जमतात, आणि 2008 मध्ये युनेस्कोनं या डोंगरालाही वारसा यादीत घेतलं. ज्यांनी मळे सोडून इथं आसरा घेतला, त्यांच्याच जागी कामाला आपली माणसं आणली गेली. आप्रवासी घाट आणि ल मॉर्न एकाच सहलीत बघायचे ते यासाठी.

जवळच शामारेलची सात रंगांची माती. तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळी. बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, झिजून त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम मागं उरलं, त्याचे हे रंग. टेकाडांवर चढू देत नाहीत, कठड्यामागून बघायचं. खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांचं काम आहे. सकाळच्या उन्हात रंग चांगले दिसतात. दुकानात हीच माती काचेच्या नळ्यांत भरून विकतात.

(दृश्य: धुकं. तळं. त्याच्या काठावर शंकराची उंच मूर्ती.)

तिथून चढून आलं की गंगा तलाव. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं पाणी, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. 1972 मध्ये गंगेचं पाणी आणून यात ओतलं. रस्त्यालगत 33 मीटर उंचीचा मंगल महादेव उभा आहे, वडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून घडवलेला. म्हणजे पाणी गंगेचं, मूर्तीचा नमुना वडोद्याचा. तळ्यावर केळी पळवणारी माकडंसुद्धा जावाकडची!

महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक इथं चालत येतात, पांढऱ्या कपड्यात, खांद्यावर सजवलेली कावड घेऊन. रस्त्यात लोक पाणी, सरबत, खाणं देतात. वारी पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. नवी आहे ती कावडीमागून ऐकू येणारी इथली बोली, क्रिओल.

पूर्वेचं इल-ओ-सेर, म्हणजे हरणांचं बेट. डचांनी 1639 मध्ये जावाहून हरणं आणली. आता त्या बेटावर गोल्फ आणि बोटी आहेत. सुंदर आहे, गर्दी आहे, जाऊन या.

आग्नेयेचं इल-ओ-झेग्रेत मात्र सोडू नका. मूळचं जंगल बघायचं तर इथं, मार्गदर्शकाबरोबर. डोडो सतराव्या शतकातच संपला. गुलाबी कबुतर थोडक्यात वाचलं, ते इथं फांदीवर दिसतं. झाडाखाली महाकाय कासवं पाला चावताना भेटतात, तीही सेशेल्सच्या अल्दाब्राहून आणलेली, कारण इथल्या मूळच्या जाती माणसांनी आणि त्यांनी आणलेल्या प्राण्यांनी खाऊन संपवल्या. जुलै 2020 मध्ये याच किनाऱ्याजवळ ‘वाकाशिओ’ हे जहाज प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल सांडलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट पोत्यांत भरून समुद्रात बांध घातले होते.

(दृश्य: पश्चिमेकडचं कास्काव्हेल. गणेश चतुर्थी. ढोलकीचा आवाज आधी, चित्र नंतर.)

गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मराठी घरांत मोदक होतात, आणि अंगणात रिंगण धरून नाचतात ती जाखडी. रत्नागिरीकडची. इथं तिला झाकरी म्हणतात. गाण्यातले मराठी शब्द पिढ्यांच्या तोंडून घासून गुळगुळीत झालेत. काहींचा अर्थ गाणाऱ्यालाही सांगता येत नाही, पण ठेका चुकत नाही.

विसर्जनाला मूर्ती समुद्रावर नेतात. प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते, त्यामुळे आतलं पाणी शांत आणि उथळ. मूर्ती घेतलेली पोरं चालत राहतात, पाणी घोट्याचं गुडघ्यापर्यंत येतं, मागून कुणीतरी क्रिओलमध्ये ओरडतं, अजून पुढं, अजून पुढं.

आणि मग, ‘मोरया’.