भगंदर : कोणती शस्त्रक्रिया, कोणासाठी?

भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतून शेजारच्या त्वचेपर्यंत तयार झालेला, पू वाहणारा मार्ग. नाशिकमध्ये त्यावर उपचार शोधणाऱ्या माणसाला लेसर, क्षारसूत्र (औषधी लेप दिलेला दोरा), साधी शस्त्रक्रिया असे अनेक पर्याय ऐकायला मिळतात. परंतु उपकरण जुने की नवे, याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा मार्ग गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या किती भागातून गेला आहे? शौचावरचा ताबा याच स्नायूमुळे राहतो. म्हणूनच गुंतागुंतीच्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या भगंदरात शस्त्रक्रियेआधी एमआरआय करून घेणे शहाणपणाचे ठरते.

मार्ग वरवरचा असेल, तर तो उघडून जखम तळापासून भरू देण्याची पद्धत, म्हणजे फिस्टुलॉटॉमी, आजही सर्वांत भरवशाची आहे. दहापैकी नऊहून अधिक रुग्ण तिने बरे होतात. हीच शस्त्रक्रिया खोल मार्गावर केली, तर स्नायूचा मोठा भाग कापला जाऊन वायू आणि मल रोखणे कायमचे अवघड होऊ शकते. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूला हा स्नायू आखूड असल्याने तिथे अधिकच जपावे लागते.

खोल मार्गासाठी स्नायू न कापणाऱ्या पद्धती आहेत. २००७ साली थायलंडमधील शल्यविशारदांनी मांडलेल्या ‘लिफ्ट’मध्ये या स्नायूच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांमधल्या जागेत शिरून मार्ग बांधतात आणि तोडतात. लेसरने मार्ग आतून जाळून बुजवतात. दोन्हींत ताबा बहुधा शाबूत राहतो, मात्र भगंदर पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

पंचवटीत, गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय असलेल्या या शहराला क्षारसूत्र नवे नाही. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण एकवीस लेप देतात. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. मार्गात ओवलेला हा दोरा दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागची जागा भरत येते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत क्षारसूत्राने बरे होण्यास सुमारे आठ आठवडे लागले, तर शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. अर्थात, हा दोराही शेवटी स्नायू कापतोच.

वारंवार उलटणाऱ्या भगंदरात क्षयरोग किंवा आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा क्रोन्सचा आजार दडलेला असू शकतो. अशा वेळी काढलेला ऊतींचा तुकडा तपासणीला पाठवला का, हे रुग्णाने आवर्जून विचारावे.