सहा व्होल्ट की बारा?

मघाशी तुमच्यापैकी एकानं विचारलं, ‘जुन्या मोटारींना सहा व्होल्टचीच बॅटरी का असायची?’ तिथूनच सुरुवात करतो.

शिसं आणि गंधकाम्लाचा एक सेल दोन व्होल्टचा. तीन जोडले की सहा, सहा जोडले की बारा. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर, येण्याआधी कितीतरी गाड्यांत बॅटरी लागायची ती ठिणगीपुरती, आणि दीड व्होल्टचे चार कोरडे सेल ओळीनं जोडले की सहा व्होल्ट व्हायचे. त्यामुळे सहाचा आकडा आधीच रुळलेला होता. शिवाय कमी व्होल्टच्या बल्बची तार आखूड आणि जाड असते, खराब रस्त्यावरच्या हादऱ्यांना ती टिकते.

मग 1912च्या कॅडिलॅक या अमेरिकी गाडीत सेल्फ आला. तो बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांनी आधी गल्ल्यावरच्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर केली होती. तिथला धडा मला फार मोलाचा वाटतो: मोटर क्षणभरच फिरवायची असेल, तर लहान मोटरवरही भरपूर भार टाकता येतो. पण त्या क्षणाला बॅटरीनं एकदम जोर द्यायला हवा. कॅडिलॅकमध्ये बॅटरीचे भाग सेल्फ मारताना ओळीनं जोडले जात, तेव्हा 24 व्होल्ट मिळत. इंजिन धरलं की जोडणी बदलून चार्जिंग सहावर. युक्ती सुंदर, पण स्विच गुंतागुंतीचा. डॉज या दुसऱ्या अमेरिकी कंपनीनं 1914मध्ये सरळ बारा घेतले.

आता हिशेब पाहा. सेल्फला एक किलोवॅट लागतो असं धरा. सहा व्होल्टवर सुमारे 167 अँपिअर, बारावर 83. तार तीच ठेवली तर सहावर तारेत चौपट ऊर्जा वाया जाते. म्हणून तर सहा व्होल्टच्या गाडीची केबल अंगठ्याएवढी जाड असते, आणि टर्मिनलवर पांढरा खार जरा धरला की सेल्फ कण्हतो. तरीही अमेरिकेत सहाच जिंकले. सेल निम्मे, म्हणजे डबे, विभाजक, सांधे सगळंच कमी, आणि किंमतही.

शिशाऐवजी दुसरी बॅटरी का नाही? एडिसन यांची निकेल-लोखंडाची बॅटरी विजेच्या गाड्यांत वर्षानुवर्षं टिकायची. मात्र तिचा अंतर्गत रोध जास्त, थंडीत तर फारच. सेल्फचा एकदम झटका तिला झेपेना.

व्होल्ट ठरले तरी ‘चांगली बॅटरी’ म्हणजे काय? अमेरिकेतल्या ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेनं प्रत्येक बॅटरीला दोन आकडे लावले. पहिला दिव्यांसाठी: पाच अँपिअरनं सतत वापरली तर किती अँपिअर-तास मिळतात. दुसरा सेल्फसाठी: वीस मिनिटं सलग ती किती अँपिअर देते. दोन्ही मोजमापं साधारण 27 अंश सेल्सिअसला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण रात्रभर दिवा जाळणं आणि पहाटे गारठलेलं इंजिन फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एका आकड्यात ती मावत नाहीत.

1950च्या दशकात जास्त दाबाची मोठी व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं आली, तेव्हा सहा व्होल्ट अपुरे पडले. 1955च्या आसपास अमेरिकी गाड्या बारावर गेल्या. आज दुकानात बॅटरी घ्याल, तेव्हा तिच्यावरही दोन आकडे शोधा: अँपिअर-तास आणि थंडीतले सेल्फचे अँपिअर.