ओआरएसची पुडी देताना फार्मासिस्टने काय विचारावे?

नमस्कार. पावसाळ्यात पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिलात, तर ‘जुलाब थांबवायची गोळी द्या’ म्हणणारे कोणीतरी भेटतेच. गोळी कोणासाठी हवी आहे, वय किती, शौचातून रक्त पडते का, लघवी होते आहे का, हे विचारायला एक मिनिट पुरते. पण ते विचारण्याची सवय फार्मसीच्या विद्यार्थ्याला कोठे लागते, हा आजचा विषय आहे.

अभ्यासक्रमात हे कागदावर आहे. डी. फार्म. या पदविकेच्या 2020च्या नियमावलीने पहिल्या वर्षाला ‘सोशल फार्मसी’ (सार्वजनिक आरोग्यातले फार्मासिस्टचे काम) आणली आणि बी. फार्म. या पदवीच्या आठव्या सत्रातही तसाच एक विषय आहे. मात्र कॉलऱ्याची लक्षणे गुणांसाठी पाठ करणारा विद्यार्थी, ओआरएसची मोठी पुडी एकाच वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायची असते, हे समोरच्या आजींना पटेल असे सांगू शकेलच असे नाही. तीच पुडी पेलाभर पाण्यात घातली, तर द्रावण फार तीव्र होते आणि बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. सोबतचे झिंक 14 दिवस द्यायचे असते, पण जुलाब थांबले की घरचे ते बंद करतात. म्हणून ‘झिंक पूर्ण 14 दिवस द्या’ हे वाक्य पुडी हातात देतानाच बोलले पाहिजे.

क्षयरोगाचे तसेच. 1 मार्च 2014पासून लागू असलेल्या शेड्यूल एच1मधील (क्षयरोगाची औषधेही असलेल्या सरकारी यादीतील) औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते, आणि 2018पासून क्षयरोगाची औषधे विकणाऱ्यांनी रुग्णाची माहिती सरकारला कळवणेही बंधनकारक आहे. डी. फार्म.च्या 500 तासांच्या प्रशिक्षणात विद्यार्थी कपाटे लावतो, मुदत संपलेली औषधे वेगळी काढतो (तेही शिकावेच लागते). ही नोंदवही मात्र त्याच्या हाती क्वचितच दिली जाते, असे मला दिसते.

माझी सूचना साधी आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ग्राहक व्हावे आणि ‘दोन आठवडे खोकला आहे, सिरप द्या’ एवढेच म्हणावे. विद्यार्थी बाटलीकडे वळला, तर गुण कापावेत. ताप, वजन, घरातल्या इतरांचा खोकला याविषयी विचारून त्याने सरकारी केंद्रातील क्षयरोगासाठीच्या मोफत थुंकी तपासणीचा रस्ता दाखवला, तर पूर्ण द्यावेत.